उतरवायची हाक

"मी नाही सांगणार. बाप तुमचा आहे, तुम्ही सांगा."

"बाप माझा, पण चेली तू. मला त्यानं काठी कधी धरू दिली? म्हणाला, तुझा हात गाडी हाकायचा, तू गाडीच हाक. आता मी जाऊन म्हणू, आबा, तुमचे डोळे गेले, हाक बंद करा? काठीच घालेल टाळक्यात."

"आणि मला घातली तर चालेल?"

"तुला नाही घालायचा. तुझ्या हातचं खातो."

रंगाच्या थंड हंड्यापाशी उभं राहून नवरा-बायकोची ही कुजबुज चालली होती. कुजबुज अशासाठी, की म्हातारा मागच्या नळावर चूळ भरत होता, आणि त्याचे डोळे कसेही असोत, कान अजून मांजराचे होते. चूळ थांबली की हे दोघं गप्प व्हायचे, खळखळ सुरू झाली की पुन्हा एकमेकांवर घसरायचे.

भांडणाचं मूळ होतं ती हाक. रंगाऱ्याच्या धंद्यात रंग कालवणं ही काही मोठी गोष्ट नाही. पुड्यावर लिहिलेलं असतं, वाचता येणारा कुणीही कालवतो. काठी फिरवायला ताकद लागते, पण ताकद काय, रेड्यातही असते. अक्कल लागते ती एकाच जागी. कापड हंड्यातून वर कधी घ्यायचं, तिथं. ओलं कापड खोटारडं असतं, वाळल्यावर होईल त्याहून गडद दिसतं. जरा लवकर काढलं तर आजाऱ्याच्या तोंडासारखं फिकट, जरा उशीर झाला तर डांबर. ती मधली वेळ ज्याला कळते तो रंगारी, बाकीचे सगळे हमाल. ह्या घरात ती वेळ म्हाताऱ्याला कळायची. स्वयंपाकघर आणि अंगण ह्यांच्या मधल्या दारात त्याचं स्टूल असायचं. त्यावर बसून तो म्हणायचा, "उतरव." की कापड वर. म्हाताऱ्याकडे ही हाक त्याच्या बापाकडून आली होती आणि बाप मेल्यावरच आली होती. म्हणजे हाक सोडा असं सांगणं आणि आता आटपा असं सांगणं ह्यात फारसा फरक नव्हता. सुनेच्या जिवावर आलं होतं ते त्यामुळे.

पण न सांगून भागत नव्हतं. गेल्या खेपेला ती बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली असताना हिरव्या कापडाचा एक गठ्ठा काळा होऊन निघाला. काठी नवऱ्यानं चालवली होती, हाक म्हाताऱ्यानं दिली होती, आणि कापड शिवणकारखान्यानं परत केलं होतं. तेव्हापासून नवरा तिच्या मागे लागला होता. म्हाताऱ्याला दिसत नाही, जिना उतरताना तो पायानं पायरी चाचपतो, आपण सगळे आंधळ्याच्या तोंडाकडे बघून धंदा करतोय.

तिला ते पुरतं पटत नव्हतं. आबांची हाक तिनं रोज ऐकली होती. तिच्या समोर ती हाक कधी चुकली नव्हती.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि चिंधीसाहेब आत आले.

चिंधीसाहेब म्हणजे शिवणकारखान्याचा माणूस. खिशात कायम रंगांचे नमुने, कापडाचे बोटभर तुकडे. रस्त्यात भेटले तरी बोलता बोलता एखादी चिंधी काढून समोरच्याच्या शर्टाला लावून बघायचे. नाव घरच्यांनी पाठीमागं ठेवलेलं, पण बहुतेक त्यांनाही ठाऊक असावं.

"आबा कुठायत?"

"तोंड धुतायत," ती म्हणाली.

"धुऊ देत. गेल्या खेपेला मालकानं माझी बिनपाण्याची केली." त्यांनी खिशातून हिरवा तुकडा काढून हंड्याच्या काठावर ठेवला. "हे बघा वहिनी, कपडे आहेत बागेतल्या माळ्यांचे. माळी झाडापाशी उभा राहिला तर झाडातला दिसावा. मागच्या कापडाचा सदरा घालून उभा राहिला असता तर लोक म्हणाले असते, डांबराचं पिंप कुणी ठेवलं इथं?"

"आज होईल नीट."

"व्हायलाच हवं. संध्याकाळी येतो. एक कोपरा वाळवून ठेवा. नमुन्याला लागला तर हे काम तुमच्याकडेच राहील, पुढचंही येईल. नाही लागला तर मालक सगळं उचलून मशीनवाल्याकडे देणार. मला बोल लावू नका. माझ्या हातात काय आहे? ही चिंधी."

नळावरची चूळ केव्हाच थांबली होती. म्हातारा तोंड पुसत दारात आला, स्टूल पायानं चाचपलं, बसला.

"आलास का रे? काय म्हणतोय तुझा मालक?"

"काही नाही आबा. तब्येत विचारत होते."

"खोटं बोलताना तुझी चप्पल वाजते," म्हातारा म्हणाला. चिंधीसाहेब चप्पल न वाजवता निघून गेले.

सून ह्या घरात आली ती भाजीपाला पिकवणाऱ्या घरातून. बापाच्या वाफ्यात पाल्याच्या जुड्या बांधत वाढलेली. रंग म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण पाला आपल्याला कुणी शिकवू नये अशी तिची समजूत होती. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिनं पालेभाजी केली. चिरली, पातेल्यात घातली, वर मीठ भुरभुरलं, झाकण ठेवलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली. सासरा तेव्हा ताठ होता, डोळ्यांनी घारीसारखा. ताटलीत बघून म्हणाला, "हा पाला मेला कधी? आणि मला कळवलं का नाही?"

तिला रडू आलं नाही, राग आला. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं कानमंत्र दिला की चिमूटभर सोडा टाक, हिरवागार राहतो. तिनं टाकला. भाजी पोपटासारखी हिरवी झाली आणि घशातून शेवाळासारखी उतरली. म्हाताऱ्यानं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला नाही. "सोडा कापडाला असतो, पोरी. कापड कुणी गिळत नाही."

मग तिसऱ्या दिवशी त्यानं आपलं स्टूल उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवलं. एक कान अंगणाकडे, एक चुलीकडे. तेव्हापासून ते स्टूल तिथंच होतं.

जे हंड्याचं तेच कढईचं, असं त्याचं म्हणणं. दाटी करू नये. झाकू नये, झाकलेल्या भांड्यात रंग गुदमरतो. सारखं हलतं ठेवावं, म्हणजे सगळ्याला सारखी आच लागते. मीठ शेवटी. हंड्यातही मीठ लागतं, त्यानं रंग कापडात शिरतो, पण रंग सगळीकडे पसरायच्या आत टाकलं तर डाग पडतात. आणि कढईत आधी टाकलं तर माणूस फसतो, कारण कच्च्या पाल्याचा ढीग डोंगराएवढा दिसतो आणि खाली बसला की मुठीत मावतो. डोंगराच्या हिशेबानं मीठ टाकलं की मूठभर भाजी खारट. "ढिगाकडे बघून मीठ टाकू नये," हे तो इतक्यांदा म्हणाला असेल, की तिला झोपेत उठवून विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं.

भाजी नीट जमायला लागली तेव्हाच त्यानं तिच्या हातात काठी दिली. पोटच्या लेकाला दिली नाही, सुनेला दिली. नवऱ्यानं वाईट वाटून घेतलं नाही. त्याला गाडीवरून गावभर हिंडायला आवडायचं.

तर त्या घरातली दुपार अशी असायची. सकाळी कापड नुसत्या गरम पाण्यात भिजत घालायचं, म्हणजे धाग्यातली खळ निघून ते रंग प्यायला तयार होतं. ते भिजतंय तोवर हिला उसंत. तेवढ्यात जेवण. भात सकाळीच होऊन गेलेला असायचा, भाजी मात्र आयत्या वेळी, कारण पालेभाजी आणि पाहुणा, दोन्ही ताजे असेपर्यंतच बरे.

आजही तिनं तसंच केलं. कापड भिजत घातलं. नवऱ्याला मिठाची पोती आणायला पिटाळलं. हात खरवडून धुतले, तरी नखांच्या कडेला निळं-हिरवं राहिलंच. ते तसं कायमच असायचं. सोललेला लसूण तिच्या हाताशेजारी नेहमी जास्तच पांढरा दिसायचा. दोन जुड्या आणलेल्या होत्या. एक आत्ताची, एक रात्रीची. रात्रीची तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली, आत्ताची सोडली, मातीची मुळं छाटली, पाणी बदलत बदलत धुतली आणि चाळणीत निथळत ठेवली. पाला नीट निथळायला हवा, नाहीतर तेलात जायच्या आधीच उकडतो. देठ वेगळे काढून बारीक चिरले. लसूण ठेचला. खिळ्याला दोन उलथनी टांगलेली होती, त्यातलं लाल दोरा बांधलेलं तिनं घेतलं. लाल दोऱ्याचं खाण्याचं, बिनदोऱ्याचं रंगाचं. ह्यात चूक झाली तर जीभ निळी.

कढई तापली, तेल पडलं, लसूण पडला. लसूण कडेला पिवळा व्हायला लागल्यावर सुकी मिरची मोडून टाकली, ठसका आला, म्हातारा दारातून खाकरला. मग देठ. देठ जरा मऊ पडल्यावर पाला. ढीग कढईच्या वर आला, चर्रर्र आवाज झाला आणि ती खालचं वर, वरचं खाली करत राहिली.

हात चालू होता, डोकं मात्र दुसरीकडेच होतं.

'आबा, आता जरा आराम करा,' असं म्हणावं? म्हातारा म्हणेल, बसलोय तो आरामच आहे. 'आबा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ?' म्हणेल, का गं, मला आता मुलगी बघायला जायचंय? 'आबा, ह्या खेपेपुरती हाक मी देते.' हे बरं होतं. ह्या खेपेपुरती. पण म्हातारा ह्या खेपेपुरतीचा अर्थ न समजण्याइतका खुळा नव्हता.

ढीग बसला. पाला एकदा लख्ख हिरवा झाला, जणू आतून दिवा लावलाय. तिनं मीठ टाकलं. पाणी सुटलं, पाणी आटायला लागलं. एरवी इथंच कुठंतरी हाक यायची. तिला मनात वाटायचं, झालं बहुतेक, आणि तेवढ्यात दारातून यायचंच, "उतरव." अलीकडे तिला त्याचं फार कौतुक वाटायचं. आपला अंदाज आबांच्या अंदाजाला खेटत चाललाय, आपण शिकतोय, असं वाटायचं. हंड्यापाशीही तसंच. तिला वाटावं आणि त्यानं म्हणावं.

आज हाक आली नाही. म्हणजे अजून व्हायचंय, असं अर्धवट मनात येऊन ती हलवत राहिली आणि पुन्हा आपल्या विचारात शिरली. 'आबा, रागावू नका, पण.' पणच्या पुढं तिला सुचेना. उलथनं फिरत राहिलं, खालचं वर, वरचं खाली.

वास आला तेव्हा ती भानावर आली. करपलेल्या लसणाचा वास. कढईत बघितलं तर पाल्याचा रंग गेलेला. हिरवा नाही, काळा नाही, जुन्या पिशवीसारखा मळकट. तिनं कढई धाडकन खाली घेतली आणि दाराकडे बघितलं. म्हातारा हात गुडघ्यावर ठेवून, मान कलती करून बसला होता, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत बसल्यासारखा.

तिनं भात वाढला, शेजारी ती भाजी वाढली, ताटली त्याच्या पुढ्यात ठेवली आणि आपली घेऊन समोर बसली. आता म्हणेल, हा पाला मेला कधी. पण त्यानं ताटलीकडे बघितलं, भाजीवरून नजर फिरवली, आणि कपाळाला एकही आठी पडली नाही. घास घेतला तेव्हा मात्र चावता चावता थांबला.

नवरा खरं बोलत होता तर.

म्हाताऱ्यानं घास गिळला. वर पाणी प्यायला.

"आज हात का नाही थांबला तुझा?"

"तुम्ही हाक दिली नाहीत."

"तू थांबली नाहीस."

"अहो, तुमच्या हाकेशिवाय मी कशी थांबणार?"

"आणि तू थांबल्याशिवाय मी हाक कशी देणार?"

मागचा नळ ठिबकत होता. तो सकाळपासूनच ठिबकत असावा, पण ऐकू आत्ता आला. तिनं हातातला घास ताटलीत ठेवला.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? झालं असं तुला वाटलं की तुझा हात अडखळतो. उलथनं कढईला टेकतं, काठी हंड्याला टेकते. टक् वाजतं. वाजलं की मी म्हणतो, उतरव." म्हातारा दुसरा घास घ्यावा की न घ्यावा ह्या विचारात भात चिवडत होता. "हिरवं पहिलं गेलं. मग निळं. लाल अजून उन्हात थोडं कळतं. डॉक्टरकडे जाऊन आलोय मी, तंबाखू आणायला जातो म्हणून. मोतीबिंदू असता तर काढला असता म्हणाला. हे आतलं सुकलंय, त्याला औषध नाही."

"कधीपासून?"

"बराच काळ झाला की."

"आणि मी रोज तुमच्याकडे बघून..."

"तू माझ्याकडे बघ, मी तुझं ऐकतो. चाललं होतं की बरं."

तिला आठवलं, गेल्या खेपेला आपण इथं नव्हतो. "आणि ते काळं झालेलं कापड?"

"तेव्हा काठी माझ्या लेकाकडे होती. तो थांबतो कुठं? घाण्याला जुंपल्यासारखा गरागरा, गरागरा. मी कान लावून बसलो, टक् काही होईना. शेवटी जिवावर उदार होऊन दिली हाक. व्हायचं तेच झालं."

तिचा राग आधी निघाला, बाकीचं मागून. "मला सांगायचं नाही? इतके दिवस मूर्ख बनवलंत!"

"सांगून काय झालं असतं? विचार करायला लागली असतीस. विचार करणाऱ्या हाताला ठेच लागते." त्यानं ताटली सरकवली. "आणि तुझ्या नवऱ्यानं सकाळी तुला जे सांगायला सांगितलं, ते तू सांगितलंस का मला? मग? तू झाकलंस, मी झाकलं. झाकलेल्या भांड्याचं काय होतं ते बघ त्या कढईत."

ह्यावर वाद घालायला वेळ नव्हता. अंगणात कापड भिजून तयार होतं.

नवरा पोती घेऊन आला, दोन घास खाऊन तोंड वाकडं केलं, पण बायकोचा चेहरा बघून भाजीला नाव ठेवलं नाही. रंग हंड्यात गेला, कापड गेलं, खाली जाळ वाढला. ती काठी घेऊन एका बाजूला, नवरा कापड वर ओढायच्या दांडीपाशी दुसऱ्या बाजूला. म्हातारा आपल्या स्टुलावर. सगळं रोजच्यासारखं. फक्त तिचा हात रोजच्यासारखा राहिला नव्हता.

म्हातारा म्हणाला होता तसंच झालं. कालपर्यंत हात आपोआप टेकायचा, आज तिला प्रत्येक फेरी मोजून मारल्यासारखी वाटायला लागली. रंग पसरला, मीठ गेलं, कापड हिरवं व्हायला लागलं. आता झालं का? ती कोपरा पिळून नमुन्याशेजारी धरायची. ओलं कापड खोटारडं. आहे त्याहून गडद दिसतंय, म्हणजे किती गडद दिसायला हवं? एका फेरीला वाटायचं लवकर आहे, दुसऱ्या फेरीला वाटायचं उशीर झाला. चुकून काठी हंड्याला लागली, टक् वाजलं, आणि तिनं दचकून दाराकडे बघितलं. हाक आली नाही. तिनं घाबरून काठी पुन्हा फिरवायला घेतली. कपाळावरचा घाम नाकावरून हंड्यात पडत होता. हे काम गेलं तर मशीनवाल्याकडे जाणार, ते पुन्हा परत यायचं नाही, आणि ह्या वेळी दोष द्यायला म्हाताऱ्याचे डोळेही नव्हते.

"मला भूक लागलीय," म्हातारा एकदम म्हणाला.

नवरा चमकला. "आत्ता? आबा, कापड हंड्यात आहे!"

"मग? ते काय माझ्या पोटात आहे? दुपारी मला चिखल वाढला तुझ्या बायकोनं." तो उठला आणि भिंत धरत आत गेला. आतून फडकं सोडल्याचा आवाज आला. रात्रीची जुडी. मग चाळण पडली. मग डबा पडला.

"आबा, काय करताय?"

"पाला करतोय. आयुष्यभर दुसऱ्याला सांगितला, आज स्वतः करतो. लसूण कुठाय?"

"डाव्या हाताला, टोपलीत. ठेचा हं, अख्खा नका टाकू. आणि लाल दोऱ्याचं उलथनं घ्या!"

"दोरा लाल आहे का हिरवा, मला काय कळतंय?"

"हाताला दोरा लागला म्हणजे तेच! दुसऱ्याला दोराच नाही!"

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. खिडकीतून तेल तापल्याचा वास आला, लसणाचा आला, मग चर्रर्र झालं. म्हातारा ओरडला, "पोरी, मला काही दिसत नाही, तू तिथून सांग, कुठवर आलाय."

"आता मी इथून काय सांगू!"

"कान नाहीत तुला?"

होते की. काठी फिरवता फिरवता तिनं कान खिडकीला लावला. पाण्याची चरचर मोठी होती, म्हणजे पाला ओलाच टाकला होता म्हाताऱ्यानं, निथळू न देता. "हलवत राहा! थांबू नका!" चरचर दाट झाली, मग खाली आली. पाणी सुटलं होतं. मग रटरट. मग रटरट बारीक होत गेली आणि तेलाचा तडतड आवाज पुन्हा एकदा वर यायला लागला, अगदी तोंड वर काढल्याएवढाच.

"उतरवा!" ती ओरडली.

आत कढई फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. "उतरवली," म्हातारा म्हणाला.

त्याला त्या कढईचा आवाज स्वतःला कळत नव्हता का, इतकी वर्षं त्याच दारात बसून? हे तिनं त्याला पुढंही कधी विचारलं नाही.

"मीठ कधी टाकलंत?" तिनं विचारलं.

"टाकलंय."

"कधी, आबा?"

"आधीच टाकलं. पाल्याबरोबर. विसरू नये म्हणून."

"ढिगाकडे बघून?"

"ढीग दिसतोय कुठं मला! हाताला लागला तेवढा."

"अहो, इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंत, मीठ शेवटी, मीठ शेवटी! आणि स्वतःच्या हातात कढई आल्यावर..."

टक्.

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. काठी हंड्याच्या काठाला टेकलेली होती. ती आपण टेकवली हे तिला टेकल्यावर कळलं. समोर नवऱ्यानं सवयीनं दाराकडे बघितलं. स्टूल रिकामं होतं. त्यानं तिच्याकडे बघितलं.

"बघताय काय? उतरवा."

दांडी वर गेली, हिरवं पाणी गाळत कापड वर आलं.

कापड गार पाण्यातून काढलं, पिळलं, दोरीवर टाकलं. एक कोपरा तिनं इस्त्रीनं वाळवला, पण नमुन्याशेजारी धरून बघितला नाही. आता बघून काही बदलणार नव्हतं. ती पिळलेल्या कापडाचे पीळ काढत राहिली.

चिंधीसाहेब ऊन असतानाच आले. कोपरा हातात घेऊन फाटकापाशी उजेडात गेले, नमुना त्यावर ठेवला, काढला, उलटा ठेवला, डोळे बारीक केले. मग नमुना हातातून सुटून कापडावर पडला आणि तो शोधायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

"लागला," ते म्हणाले. मग मोठ्यानं, दाराकडे बघून, "आबा, डोळे शाबूत आहेत अजून तुमचे!"

म्हातारा स्टुलावर ताटली घेऊन बसला होता. "डोळ्यांचं सोड. पाला खातोस? मी केलाय."

चिंधीसाहेबांनी भिडेखातर एक घास घेतला. त्यांचे गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं. "मीठ जरा..."

"मीठ शेवटी टाकायचं असतं, ठाऊक आहे मला," म्हातारा म्हणाला. "रंग कसा आहे?"

चिंधीसाहेबांनी ताटलीत बघितलं. "रंग चांगला आहे. हिरवागार."

"हाक हिची होती. कढईलाही आणि हंड्यालाही." म्हाताऱ्यानं सुनेच्या दिशेनं मान हलवली. दिशा बरोबर होती, कारण ती बादली ओढत होती. "इथून पुढं रंगाची कटकट असली तर हिच्याशी बोलायचं. मला मिठाची असली तर सांग."

चिंधीसाहेब एकदा म्हाताऱ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारण्याऐवजी खिशात हात घातला आणि विटकरी रंगाची चिंधी काढून तिच्या हातात दिली. "हे पुढचं. कापड सकाळी पाठवतो."

ते गेले. नवरा कापडाखालून वाकून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सांगितलंस वाटतं तू त्याला? रागावला नाही?"

"कान मांजराचे आहेत," म्हातारा दारातून म्हणाला. "आणि विटकरी अजून उन्हात दिसतो मला. त्यात लुडबुड करणार मी."

"करा," ती म्हणाली. "पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

तिनं चिंधी खिडकीच्या खिळ्याला अडकवली, लाल दोऱ्याच्या उलथन्याशेजारी. मग पायानं हंड्याखालची लाकडं ओढून विझवली, हिरवं पाणी बादलीनं उपसून मोरीत सोडलं, आणि विटकरीत हिरव्याचा थेंब राहू नये म्हणून राख घेऊन हंडा आतून घासायला बसली.